हाताची घडी, तोंडावर माईक

सुदुंबरे,
६ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टी,

आशीर्वाद आज अर्धाच पाठवतो आहे. उरलेला अर्धा तुझं उत्तर वाचून ठरवीन.

फोन का केला नाही म्हणून विचारशील. फोनवर मी रागावलो की तू "आबा, आवाज तुटतोय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचा आवाज तुटत नाही. शिवाय हा राग मला सावकाश, ओळीओळीनं मांडायचा आहे.

काल उन्हं उतरताना पारावर बसलो होतो. चौथीतली ती ओढ्याची कविता मनात घोळवत होतो. पहिलं कडवं झालं, आणि नेहमीसारखा तिथंच अडलो. इतक्यात शेजारचा केरबा मोबाईल नाचवत आला. "आबा, आपली धोंडाबाई पिच्चरमदी आली!" मी कौतुकानं चष्मा पुसला. पाहतो तर लोणावळ्याची बाजारपेठ, चिक्कीची पिशवी काखेत धरून उभी असलेली धोंडाबाई, तिच्या तोंडापुढं लाल चेंडूसारखा माईक, आणि पाठीमागून आवाज. आवाज ओळखायला मला चष्मा लागत नाही. माझ्याच नातीचा आवाज!

"मावशी, जात्यावरची ओवी म्हणा की एखादी."

धोंडाबाईनं तोंड उघडलं. मिटलं. वर बघितलं. "थांब हां बाई," म्हणाली. पुन्हा तोंड उघडलं. आणि मग ते चित्र थरथरलं, बदकासारखं काहीतरी ओरडलं आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांत आलं: "आजीचं नेटवर्क गेलं!" खाली बारीक अक्षरांत: "गावाकडची गाणी संपली बरं का." पारावरची पोरं खदाखदा हसली. केरबाही हसला. हे शब्द कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाले, ते मला कळव.

तू लोणावळ्यात वाढलीस, सणावारापुरती इथं येतेस, म्हणून तुला धोंडाबाई ठाऊक नाही. तर ऐक. ती कुणी गरीब बिचारी म्हातारी नव्हे. वरच्या आळीत तिचं दुमजली घर आहे, आणि ती बोलायला लागली की सरपंच चपला शोधायला लागतो. या गावात कुठल्याही लग्नाची हळद दळायची तर पहिला हात सवाष्णीचा लागतो, पण पहिली ओवी धोंडाबाईची. तिनं तोंड उघडल्याशिवाय जातं हलत नाही.

पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं, अनिताचं लग्न आहे. आणि आज सकाळी धोंडाबाईनं जातं ओढत गोठ्यात नेलं आणि पालथं घातलं. सुनेला म्हणाली, "हळदीला डीजे वाजवा. माजं नेटवर्क गेलंय." रस्त्यानं जाताना पोरं विचारतात, "आजी, नेटवर्क आलं का?" साऱ्या गावाच्या लेकींना जिनं गाऊन सासरी पाठवलं, तिच्या नातीची हळद मुकी दळली जाणार आहे, सृष्टी. तुझ्यामुळे.

उत्तर दे. शाईनं दे.

तुझा संतापलेला,
आबा


लोणावळा,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आबा,

अर्धा आशीर्वाद पोचला. नमस्कार मी पूर्ण करते, अर्धवट वाकलं की पाठ धरते.

पहिल्यांदा सांगते, त्या आजी सुदुंबऱ्याच्या आहेत हे कळल्यावर मीच खूश झाले होते. मी म्हटलं, "अय्या, आमच्या आबांचं गाव!" त्या म्हणाल्या, "मग तर तुला ऐकवतेच. रात सरंल, पर माज्या ओव्या न्हाई सरायच्या." आणि नंतर जे झालं ते तुम्ही पाहिलंत. मी काही केलं नाही, आबा. मी फक्त विचारलं.

तुम्हाला वाटतं मी टिंगल करायला रस्त्यात उभी राहते. तसं नाही. आमचं छोटंसं चॅनेल आहे, काम एकच: अनोळखी माणसाला थांबवायचं आणि त्याचं गाणं विचारायचं. वर्षभरात मी जे शिकले ते कॉलेजात कुणी शिकवलं नाही. माणूस आवडतं गाणं सांगतच नाही, शोभेल ते सांगतो. टायगर पॉइंटवर एक गृहस्थ म्हणाले, मी फक्त शास्त्रीय ऐकतो. तेवढ्यात त्यांच्या हेडफोनची वायर निसटली आणि जे वाजलं ते ऐकून त्यांची बायकोच आधी हसली. जोडप्याला वेगवेगळं गाठावं, नाहीतर नवऱ्याचं गाणं बायकोच सांगून टाकते. "कोणतं गाणं आवडतं" असं विचारलं की लोक आभाळाकडे बघतात. "सकाळी अंघोळ करताना काय गुणगुणलात" असं विचारलं की लाजतात, आणि लाजले की खरं बोलतात.

पण काही माणसं हातून निसटतातच. चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक लाटताना एक काका असे गात होते की मी दारातच थबकले. मी त्यांना थांबवलं, बाहेर आणलं, उजेडात उभं केलं, माईक लावला. झालं! सूर कुठल्या कुठे. उर्से टोलनाक्याजवळ काकड्या सोलून विकणारी एक मावशी आहे, तिचीही तीच गत. काम थांबवायला सांगावंच लागतं, नाहीतर लाटण्याचा, सुरीचा आवाज येतो. म्हणजे कॅमेरा समोर आला की माणसं घाबरतात, एवढंच. धोंडाबाई आजीही घाबरल्या असतील.

आणि ते शब्द. व्हिडिओ कापायचं, जोडायचं आणि अक्षरं टाकायचं काम सत्यमकडे असतं. माझ्याबरोबर असतो तो मुलगा.

व्हिडिओ मी काढून टाकायला लावला आहे. आता तरी फोन चालू करा.

तुमची,
सृष्टी


सुदुंबरे,
१७ नोव्हेंबर २०२५

सृष्टी,

"चि." मुद्दाम लिहिलेलं नाही.

काढून टाकलास म्हणतेस! केरबाच्या मोबाईलवर आहे, त्याच्या मेव्हण्याच्या मोबाईलवर आहे, अनिताच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मोबाईलवर आहे. त्यांनी तर देवाणघेवाणीच्या बैठकीत सगळ्यांपुढं विचारलं, "ह्याच का त्या आजी?" धोंडाबाई उठून आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. फळ्यावरचं पुसलं म्हणजे वर्गातल्या पोरांच्या वहीतलं पुसलं जातं होय?

आणि त्या सत्यमला माझा निरोप दे. म्हणावं, ज्यानं ती अक्षरं लिहिली त्याला मातृभाषा कुणी शिकवली? एका बाईच्या तोंडातून शब्द निघेना आणि हा तिच्या कपाळावर पिवळी पाटी ठोकतो! असला मनुष्य माझ्या वर्गात असता तर गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं असतं, शाळा सुटेपर्यंत.

आणि तू? "मी फक्त विचारलं." म्हणे घाबरली! एक्स्प्रेस-वेच्या वेळी जमीन मोजायला आलेल्या माणसांना जिनं बांधावरून माघारी पाठवलं, ती तुझ्या लाल चेंडूला घाबरेल? विचारणाऱ्याला वाटतं, विचारण्याचे कुठं पैसे पडतात. विचारण्याची किंमत काय पडते, ते मी लहानपणी पाहिलं आहे. सांगतो.

आमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. कविता म्हणताना आम्ही सगळे डुलायचो, मांडीवर ताल धरायचो. सबंध देऊळ डुलतंय असं वाटायचं. गुरुजी स्वतः छडीनं खांबावर ठेका धरायचे. आणि त्या सगळ्या आवाजांवरून एक आवाज निघून जायचा, वावरावरून चंडोल जातो तसा. तो धोंडीचा. आजची धोंडाबाई तेव्हाची धोंडी. माझ्या पुढच्याच रांगेत बसायची. ओढ्याची कविता ती म्हणू लागली की खरंच पायाला पाणी लागल्यासारखं वाटायचं. आज पारावर बसून डोळे मिटले तरी मला ते देऊळ दिसतं, खडूचा वास येतो.

एक दिवस तपासणीला साहेब आले. गुरुजी घाबरले. सगळ्यांना दम भरला: हाताची घडी, तोंडावर बोट, कुणी हलायचं नाही. साहेबांनी कविता विचारली. गुरुजींनी अर्थातच धोंडीला उभं केलं आणि डोळे वटारून पुटपुटले, "घडी सोडायची नाही." धोंडीनं पहिलं कडवं म्हटलं. आणि थांबली. एकदा वर बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. साहेब हसले. म्हणाले, "मुलींच्या डोक्यात टिकत नाही." सारा वर्ग हसला. तिचे वडील साहेबांना भेटायला देवळाच्या पायरीवर येऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी धोंडीची जागा रिकामी होती, ती रिकामीच राहिली.

ती का अडली, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून ती कविता मलाही पहिल्या कडव्यापुढं येत नाही. शाळेतल्या बाकी सगळ्या येतात. ती नाही.

तर आता कळलं का, तू कुणाला कितव्यांदा उभं केलंस?

आबा


लोणावळा,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आबा,

तुमचं पत्र मी चिक्कीच्या कारखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. आत ते काका पाक लाटत होते आणि गात होते. मी वाचत होते आणि कानावर ते गाणं येत होतं, आणि मध्येच मी ताडकन उठले.

आबा, हाताची घडी!

मी आत गेले. काकांना थांबवलं नाही, उजेडात आणलं नाही, माईक पिशवीतच ठेवला. लाटण्यासकट ऐकलं. पाक कडक होत आला की त्यांचा सूर चढतो, लाटणं उलटं फिरलं की ओळ फिरते. मग मी विचारलं, "काका, लाटणं खाली ठेवून म्हणून बघता?" ते म्हणाले, "लाटणं ठिवलं तर कशावर म्हनू?" एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी वर्षभर उन्हात उभी होते. मला वाटत होतं माणसं कॅमेऱ्याला घाबरतात. त्यांचं गाणं हातात होतं आणि मी आधी हातच रिकामे करायला लावत होते. धोंडाबाई आजींच्या काखेत तर चिक्कीची पिशवी होती, दुसऱ्या हातात छत्री. साहेबांनी घडी घालायला लावली, मीही तेच केलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला दोन कागद फाडले. सत्यमला शिव्या देऊ नका. ती अक्षरं त्यानं टाकली, पण शब्द मी सांगितले. आणि आबा, ते माझेही नाहीत. आठवतं का, मागच्या दिवाळीत ओटीवर तुम्ही ओढ्याची कविता म्हणत होतात, पहिल्या कडव्यानंतर अडलात आणि आम्हा पोरांकडे बघून म्हणालात, "गेलं बाबा म्हाताऱ्याचं नेटवर्क!" आम्ही किती हसलो होतो. तुम्हीही. मला ते इतकं गोड वाटलं होतं की आजींच्या व्हिडिओवरही गोडच वाटेल असं वाटलं.

स्वतःचं स्वतः म्हटलेलं आणि दुसऱ्यानं कपाळावर लिहिलेलं, यात काय फरक असतो ते मला तुमच्या पत्रावरून कळलं.

मी रविवारी येते. तुमच्याकडे नंतर. आधी वरच्या आळीत.

तुमची (रागावलात तरी),
सृष्टी


सुदुंबरे,
३ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

"चि." परत दिलं आहे, पण फार हुरळू नकोस.

माझाच शब्द उचलून माझ्याच अंगावर फेकलास! तुझं पत्र वाचलं आणि मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. तुझी आजी म्हणाली, "काय झालं? विंचू चावला?" मी म्हटलं, "व्हय, नातीच्या अक्षरातला." सत्यमला दिलेला निरोप मी मागं घेतो. त्याला सांगू नकोस, नुसता मागं घेतो.

पण राग गेला असं समजू नकोस, त्यानं फक्त जागा बदलली. रविवारी तू आलीस, वरच्या आळीत गेलीस, धोंडाबाईच्या गोठ्यात शिरलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी कुंपणाशी उभा. आतून एकदा धोंडाबाईचा चढा आवाज आला, एकदा म्हैस ओरडली, आणि मग काहीच नाही. नंतर तू आमच्या घरी येऊन दोन घास खाल्लेस आणि लोकल चुकेल म्हणून घोरावाडीला पळालीस. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे, "आबा, पत्रात लिहीन." वा!

मग मी धोंडाबाईला गाठली. "पोरगी काय म्हणाली गं?" तर म्हणाली, "तुला कशाला पायजे? तू बी च्यानेल काडलंयस का?"

बायकांनो, मी या गोष्टीतला कुणीच नाही काय? ही भांडणाची काडी कुणाच्या पत्रानं विझली?

एवढं मात्र पाहिलं: काल तिच्या अंगणात जातं उलथून सरळ केलेलं होतं आणि सून त्यावर पाणी ओतत होती. डीजेवालाही ठरला आहे म्हणे, अनिताच्या भावानं आगाऊ रक्कमही दिली आहे. म्हणजे धोंडाबाई गाणार की नाही? लग्न पुढच्या आठवड्यात आलं.

लगेच लिही.

आबा


लोणावळा,
७ डिसेंबर २०२५

ती. आबा,

घाईत लिहिते आहे.

मी गोठ्यात गेले तेव्हा आजी म्हशीची धार काढत होत्या. मी माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "आधी वासरू धर." मी वासरू धरलं. मग बोलले. चिक्कीवाल्या काकांचं सांगितलं, हाताच्या घडीचं सांगितलं. शाळेचं नाव निघालं तशी त्यांची धार थांबली. मोठ्यानं म्हणाल्या, "हे तुला कुनी सांगितलं? त्या श्रीपानं? त्याला अजून याद हाय व्हय?" तुम्हाला श्रीपा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. तोच तो चढा आवाज, जो तुम्ही ऐकलात. मग पुन्हा धार काढायला लागल्या. नंतर म्हणाल्या, "म्या इतकी वर्सं समजत व्हते, मीच ढ."

मी म्हटलं, आजी, हळदीला गा. त्या म्हणाल्या, "माफी मला नगं. ती कुटं ठिवू? हळदीला ये. मोबाईल बापाजवळ ठिवून ये. माज्यासमोर जात्याला बस आन खुंटा धर. मग बगू कुनाचं नेटवर्क जातंय."

आणि दुसरा शब्द नाही. म्हणजे गाणार की मला दळायला लावून नुसती मजा बघणार, मलाही माहीत नाही.

येते आहे. मोकळ्या हातांनी.

सृष्टी


सुदुंबरे,
१६ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

लग्न लागलं. अनिता सासरी गेली. तू पहाटेच निघून गेलीस. आणि मी इथं धुमसतो आहे.

मी मांडवात पहिल्या खुर्चीवर बसलो होतो. जातं घराच्या पडवीत, मध्ये फक्त एक भिंत. आत बायका शिरताना पाहिल्या, तुला शिरताना पाहिलं, दार लोटलेलं पाहिलं. आणि मी कान टवकारला तोच अनिताच्या भावानं ते दैत्य सुरू केलं. कपाटाएवढे दोन कर्णे! खुर्ची हलत होती, कवळी हलत होती, माझ्या कपातला चहा आपोआप ढवळला जात होता. मी उठून त्या डीजेवाल्या पोराकडे गेलो. म्हटलं, "बाबा, आत ओव्या चालल्यात, जरा थांब." तो म्हणाला, "आजोबा, कोणतं गाणं पाहिजे?" म्हटलं, "बंद!" तो म्हणाला, "ते नाहीये आपल्याकडं."

हा काय न्याय आहे? जे गाणं विकत आणलं त्याला कपाटाएवढा आवाज, आणि ज्यावर सारं गाव पोसलं त्याला लोटलेलं दार! भिंतीला कान लावला तर भिंतीतूनही तोच दणका. बायकामाणसांच्या खोलीत मी शिरणार नाही हे त्या पोरालाही ठाऊक, धोंडाबाईलाही ठाऊक आणि तुलाही ठाऊक. शेवटी दार उघडलं, हळदीचं ताट बाहेर आलं, बायकांचे डोळे ओले. मला कळलं की ती गायली. मला काय, ताट बघून कळलं! सबंध जन्म ज्या आवाजाची आठवण काढली, तो भिंतीपलीकडे होता आणि मी चहा ढवळलेला पाहत बसलो.

काल धोंडाबाईला विचारलं, "काय काय म्हणालीस?" ती म्हणाली, "आता कुटं ध्यानात? जातं थांबलं, सपलं."

आणि तू! वर्षभर रस्त्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला माईक लावलास, आणि जिथं लावायला हवा होता तिथं मोबाईल बापाजवळ ठेवून गेलीस! तिनं सांगितलं म्हणून काय झालं? बाकी कुणाचं ऐकतेस का कधी? निदान तुझ्या तरुण डोक्यात तरी असेल. सगळं लिहून पाठव. एकही ओळ गाळू नकोस.

आबा


लोणावळा,
२० डिसेंबर २०२५

ती. आबा,

सांगते. जेवढं सांगता येईल तेवढं.

डीजे सुरू झाला तेव्हा पडवीतल्या सगळ्या जणी कपाळाला हात लावून बसल्या. अनिताची आई भांडायला बाहेर निघाली. धोंडाबाई आजींनी तिला बसवलं. म्हणाल्या, "वाजू दे त्येला. त्यो त्याचं वाजवंल, आपन आपलं दळू." मग पहिला हात सवाष्णीनं लावला आणि खुंटा माझ्या हातात आला. माझा हात खाली, त्यांचा वर.

पहिले काही फेरे नुसतेच गेले. हळकुंडं कडाकडा मोडत होती, माझा दंड भरून आला. त्या माझ्याकडे बघत होत्या, बोलत नव्हत्या. मला वाटलं, संपलं, हे असंच होणार. आणि मग, आबा, जात्याची घरघर एकसारखी झाली. आणि त्यांनी तोंड उघडलं.

ओरडून नाही. डीजेवर ओरडून कोण जिंकणार? हळू. इतकं हळू की ऐकायला मला पुढं वाकावं लागलं, त्याही वाकल्या. त्यांच्या आणि माझ्या कपाळात वीतभर अंतर. बाकीच्यांना ओठ दिसत होते, पालुपद धरायचं तेवढं त्या धरत होत्या. शब्द फक्त जात्यावर बसलेल्या आम्हा दोघींना. एक ओवी संपायच्या आत दुसरी. अनिताच्या, तिच्या आईच्या, म्हशीच्या, एक्स्प्रेस-वेत गेलेल्या वावराच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. माझंही तेच. हळदीनं डोळे झोंबतात, असं सगळ्याच म्हणत होत्या.

पहाटे घोरावाडीला लोकलची वाट बघताना मी मोबाईल काढला. म्हटलं, आबांसाठी सगळं लिहून काढावं. आणि एक ओळ येईना. मी तोंड उघडलं, मिटलं, वर बघितलं. खरंच वर बघितलं, आबा. तेव्हा कळलं, बाजारपेठेत त्यांना काय झालं होतं.

मग मी गुडघ्यावर मूठ ठेवली आणि फिरवायला लागले, जातं फिरवतात तशी. बाकावरची बाई म्हणाली, "हात आखडला का गं?" आणि तेवढ्यात एक आली. एकच.

लोणावळ्याच्या पेठंत लेकीनं मला पुसियलं,
गाणं माझ्या गं जात्याचं, जात्यापाशी राहियलं.

लेकीनं म्हणाल्या, आबा. "पोरीनं" नाही.

आणि एक सांगते, पण चिडू नका. एका ओवीत तुमचं नाव आलं होतं. नक्की आलं होतं. ते घेताना त्या गालात हसल्या आणि जातं जरा जोरात फिरलं. देवळाचं काहीतरी होतं, मागच्या रांगेचं काहीतरी होतं. पुढचं मात्र आठवत नाही. शपथेवर सांगते. मी किती वेळा मूठ फिरवली, पण गुडघा म्हणजे जातं नव्हे.

चॅनेलवर मी एक नियम केला आहे: आता कुणाचं काम थांबवायचं नाही. लाटण्याचा आवाज येतो, येऊ दे. सत्यम कुरकुरतो. बघणाऱ्यांना पटलं नाही तर पुढचं पुढं.

तुमची,
सृष्टी


सुदुंबरे,
२६ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

माझं नाव आलं आणि तू विसरलीस! याहून मोठा गुन्हा पिनल कोडात नसेल. देवळाचं "काहीतरी", मागच्या रांगेचं "काहीतरी"! असं अर्धवट सांगण्यापेक्षा आलंच नव्हतं म्हणाली असतीस तर मी सुखानं झोपलो असतो. धोंडाबाईला विचारायला जावं तर ती म्हणणार, जातं थांबलं, सपलं. आणि मी विचारणार तरी कसा? "माझ्यावर काय म्हणालीस गं?" या वयात?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नळाजवळच्या पिंपाखालचं आपलं जुनं जातं केरबाकडून बाहेर काढवलं. तुझी आजी कमरेवर हात ठेवून उभी. "आता काय दळन दळताय का काय?" मी म्हटलं, "विठाबाई, मूठभर ज्वारी दे आणि गप बस." केरबा हसला, शेजारची सून हसली. गड्यानं जात्यावर बसायचं नसतं हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. बसलो.

ओवी काही आली नाही. माझ्याजवळ ती कुठून असणार? खुंटा फिरवत राहिलो. खांदा दुखायला लागला, घरघर एकसारखी झाली, आणि मी नकळत डुलायला लागलो. मागंपुढं, मागंपुढं, देवळात डुलायचो तसा. आणि सृष्टी, ओढ्याची कविता आली. पहिलं कडवं आलं. मी थांबायची वाट पाहिली. थांबली नाही. दुसरं आलं. तिसरं आलं. धोंडी जिथं उभी राहिली होती तिथून ते ओढा नदीला मिळेपर्यंत, एक अक्षर न चुकता, भर अंगणात, मोठ्यानं. तुझी आजी दारातच खाली बसली.

येत्या रविवारी ये. मोबाईल आणलास तर फाटकातूनच परत पाठवीन. समोर बसायचं, खुंटा धरायचा आणि ती ओवी आठवेपर्यंत उठायचं नाही. ज्वारी संपली तर गहू आहेत.

उरलेला अर्धा आशीर्वाद पाठवतो आहे. आता पूर्ण झाला, हिशेब मिटला.

आणि हो. कविता संपली तेव्हा कुंपणापलीकडे कुणीतरी उभं होतं. डोक्यावर वैरणीचा भारा, पदर तोंडाला. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी मान वर केली, तशी म्हणाली,

"काय रं श्रीपा, नेटवर्क आलं व्हय?"

आबा